मॅट्रिकचे विषय आणि निवडीचा अधिकार

परीक्षेकरितां कोणते विषय घ्यावेत हा प्रश्न आपल्याकडे नेहमीं विद्यार्थ्याच्या बुद्धीचा म्हणून विचारला जातो. मुलाला गणित झेपतें काय, भाषेची गोडी आहे काय, पाठांतर चांगलें आहे कीं हातांत कसब आहे, एवढें पाहिलें म्हणजे निवड झाली, अशी पालकांची, शिक्षकांची व अलीकडे मार्गदर्शनाचा व्यवसाय करणाऱ्या तज्ज्ञांचीही समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती अपुरी आहे, इतकेंच आम्हांस म्हणावयाचें आहे. ती किती अपुरी आहे हें पाहावयाचें तर मुंबई इलाख्यांतील मॅट्रिक परीक्षेचा व तिच्या मागून आलेल्या परीक्षांचा इतिहास चाळला पाहिजे. विद्यार्थी निवड करावयास बसतो तेव्हां त्याच्यापुढें मांडलेली विषयांची यादी दुसऱ्या कोणी तरी आधींच निवडलेली असते. आणि त्या यादींतील कोणत्या नांवावर त्याला बोट ठेवूं द्यावयाचें, हेंही पुष्कळदां आधींच ठरून गेलेलें असतें. हा इतिहास ध्यानांत न घेतां दिलेला सल्ला कितीही शास्त्रीय असला तरी अधांतरीं राहतो.

मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे जिला पुढें आपण मॅट्रिक म्हणूं लागलों ती, १८५९ सालीं घेण्यांत आली. सव्वाशेंच्या वर उमेदवार बसले. पंचवीसही उत्तीर्ण झाले नाहींत. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हीं दोन नांवें होतीं; आणि १८६२ मध्यें बी. ए. च्या पहिल्याच परीक्षेंत जे चौघे उतरले त्यांतही वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे यांच्याबरोबर हे दोघे होतेच. प्रवेशपरीक्षेचें स्वरूप त्या वेळीं साधें होतें. इंग्रजी, एक दुसरी भाषा, गणित, आणि सामान्य ज्ञान या सदराखालीं इतिहास, भूगोल व सृष्टिज्ञानाचा थोडासा अंश. उमेदवारानें निवड करावयाची ती काय एका दुसऱ्या भाषेची. पण या एवढ्याशा फटींतूनच पुढील अनेक वादांचें वारें आंत शिरलें.

आरंभींच्या नियमांत देशी भाषांना वरच्या परीक्षांतही स्थान होतें. पांचसात वर्षांतच विश्वविद्यालयाच्या धुरीणांचें मत फिरलें. मराठी-गुजराथींत अभ्यासाला लावण्याजोगें वाङ्मय नाहीं, विद्यार्थी संस्कृतासारखी प्राचीन भाषा शिकला तर तिच्या योगानें त्याची मातृभाषाही आपोआप समृद्ध होईल, असा युक्तिवाद पुढें आला व वरच्या परीक्षांतून देशी भाषा उठवून त्यांच्या जागीं प्राचीन भाषा बसविण्यांत आल्या. याचा परिणाम खालीं शाळेपर्यंत कसा पोंचला हें पाहण्याजोगें आहे. बी. ए. ला जी भाषा चालत नाहीं ती मॅट्रिकला कोणता शहाणा मुलगा घेईल? नियमाच्या पुस्तकांत खालच्या परीक्षेपुढें कांहीं लिहिलेलें असो. निवड वरच्या परीक्षेनें केली. नदीचें पात्र मुखाकडून ठरावें आणि उगमानें तें मुकाट्यानें मान्य करावें, असा हा उलटा प्रकार आहे, आणि आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत तो पुनःपुन्हां झालेला आहे.

भांडारकरांचेंच उदाहरण घ्या. विद्यार्थिदशेंत त्यांचा ओढा गणित व सृष्टिशास्त्र यांकडे होता. संस्कृताकडे ते वळले ते दक्षिणा फेलो असतांना, आणि तेंही शिक्षणखात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांनीं तशी इच्छा प्रकट केली म्हणून. आज आपण ज्यांच्या नांवानें पुण्याचें प्राच्यविद्यासंशोधन मंदिर ओळखतों, त्यांचा विषय त्यांच्या बाळपणींच्या आवडीनें ठरलेला नव्हता. एका अधिकाऱ्याच्या धोरणानें आणि विश्वविद्यालयाच्या बदलत्या वाऱ्यानें ठरला होता. कलाच्या शोधांत असणाऱ्यांनीं हें उदाहरण जरूर मनाशीं ठेवावें. लावून घेतलेली आवडही कधींकधीं जन्माची होते, व तिच्यांतून एका शास्त्राचा पाया घातला जातो. उलट बाजूस, मराठीवरचा हा बहिष्कार उठवावयास न्यायमूर्ति रानड्यांना उतारवय घालवावें लागलें. मराठींत वाङ्मय आहे हें सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं १८९८ सालीं मराठी ग्रंथांचा आढावा घेणारें एक टिपण लिहिलें. हायकोर्टाच्या न्यायाधीशानें छापील पुस्तकांच्या याद्या मोजीत बसावें, असें तें काम होतें. एम. ए. च्या परीक्षेंत मराठीला जागा मिळाली ती १९०१ सालीं. रानडे त्याच वर्षाच्या जानेवारींत निवर्तले.

आतां दुसऱ्या भाषेच्या निवडीकडे जरा थांबून पाहूं. कारण या प्रकरणाचें खरें मर्म तेथें आहे. इंग्रजी चौथीच्या सुमारास मुलाला दुसरी भाषा धरावी लागे. मुंबईसारख्या शहरांत पर्शियन व फ्रेंच घेणारीं मुलें असत. पण मराठी मुलांच्या मोठ्या समुदायाला दुसरी भाषा म्हणजे संस्कृत, असें समीकरण होऊन बसलें होतें. संस्कृत घेणें हें हुशारीचें लक्षण झालें. गुणही त्यांत सढळ पडत. नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ ठेवलेली संस्कृताची शिष्यवृत्ति ज्याला मिळे त्याचें नांव गांवोगांव निघे. आणि या विषयाचें शालेय पुस्तक कोणतें? भांडारकरांनीं १८६४ च्या सुमारास रचलेली 'मार्गोपदेशिका'. पंतोजीच्या पुढें मांडी घालून बारा वर्षें घोकंपट्टी करण्याऐवजीं धड्यामागून धडा घेत कोणाही शाळकरी मुलाला संस्कृतांत प्रवेश व्हावा, ही त्या पुस्तकामागील दृष्टि. पुस्तकाला जात नव्हती. सरकारी शाळेच्या नियमांतही ती नव्हती.

पण वर्गाच्या दाराशीं ती उभी होती. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलांनीं संस्कृत घ्यावें अशी वडिलांची फार इच्छा. प्रथम थोरल्या मुलाच्या व मागाहून धाकट्या भीमरावांच्या वेळींही, अस्पृश्याच्या मुलाला आपण संस्कृत शिकविणार नाहीं, असें शिक्षकांनीं सांगितलें. नाइलाजानें पर्शियन घ्यावी लागली. पुढें १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले व १९१२ सालीं बी. ए. झाले, तोंपर्यंत पर्शियनच त्यांच्या सोबतीला राहिली. त्या भाषेविषयीं त्यांनीं कधीं अनादर दाखविला नाहीं. तींत त्यांना गुणही चांगले मिळत. मात्र जें हवें होतें तें नाकारलें गेलें, ही खंत त्यांनीं पुढें बोलून दाखविली आहे व संस्कृत त्यांनीं स्वतःच्या प्रयत्नानें मागाहून हस्तगत करण्याची खटपट केली.

या नकाराची किंमत किती होती, हें १९४६ मध्यें कळून आलें. शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. विषय असा कीं, ऋग्वेदापासून महाभारत-पुराणांपर्यंत प्रत्येक पायरीवर मूळ संस्कृताशीं गांठ. प्रस्तावनेंत त्यांना एका आक्षेपाची दखल घ्यावी लागली : ज्याला संस्कृतावर प्रभुत्वाचा दावा करतां येत नाहीं त्यानें या विषयांत हात कां घालावा? त्यांनीं त्याला उत्तर दिलें. अनेक वर्षें आपण हें वाङ्मय इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासिलें आहे व या विषयावर बोलण्यास तेवढें पुरेसें आहे, अशा अर्थाचें तें आहे. आमच्या मतें उत्तर योग्यच आहे. परंतु वाचकानें क्षणभर त्या आक्षेपाची घडण पाहावी. शाळेंत संस्कृताचा वर्ग बंद करणारा समाज आणि चाळीस वर्षांनीं संस्कृत येत नाहीं म्हणून अधिकार विचारणारा समाज एकच. विषय निवडूं न देणें ही एका वर्षाची गैरसोय नसते. त्या विषयांत पुढें कोणी बोलावयाचें आणि कोणी गप्प बसावयाचें, याचा तो आगाऊ दिलेला निकाल असतो.

याच काळांतल्या दुसऱ्या एका मॅट्रिकच्या विद्यार्थ्याशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले आले व संस्कृताची पहिली शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. मग त्यांनीं काय केलें? ते केंब्रिजला गेले व वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र घेऊन १९१७ सालीं पदवीधर झाले. वनस्पतिशास्त्राचें पारितोषिकही पटकाविलें. दुसऱ्याच वर्षीं आय. सी. एस. परीक्षेंत पहिले. १९४३ मध्यें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५० मध्यें केंद्राचे अर्थमंत्री. आणि मध्यंतरीं कालिदासाच्या 'मेघदूता'चें मराठी पद्यांत भाषांतर. संस्कृत, वनस्पति, चलनव्यवहार, काव्य! ज्याच्यापुढें सगळीं दारें उघडीं असतात त्याला मॅट्रिकच्या विषयांची निवड फारशी बांधून ठेवीत नाहीं. तो एका दारानें आंत जातो व चार दारांनीं बाहेर पडतो. देशमुखांच्या असामान्य बुद्धीला यानें काडीचाही कमीपणा येत नाहीं. आंबेडकरांनींही बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं कोलंबिया गांठल्यावर अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे जे विषय घेतले, त्या यादीवरून नजर फिरविली तरी कोंडलेल्या माणसाला मोकळें रान मिळाल्याचा भास होतो. हे दोघे मॅट्रिक १९५०-५१ मध्यें एकाच मंत्रिमंडळांत शेजारीं बसले होते. दोघांच्याही शाखा कोंकणांतल्या. अंतर काय तें इंग्रजी चौथीच्या वर्गाचें.

येथवर झाला तो एका भाषेचा प्रश्न. पण मॅट्रिकची यादीच मुळांत कोणासाठीं केली आहे, असा मोठा प्रश्न १८८२ सालीं महात्मा फुल्यांनीं उपस्थित केला. त्या वर्षीं हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शिक्षण कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन ठेविलें, त्यांत शेतकरी व कारागीर यांच्या करांतून वरच्या वर्गांचें उच्च शिक्षण कसें चालतें याची झडती आहे; आणि प्राथमिक शाळेसाठीं त्यांनीं सुचविलेल्या विषयांची यादीही आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य यांचे कांहीं धडे. ही यादी आज वाचतांना साधी वाटते. पण ती मुखाकडून उगमाकडे जात नाहीं. बी. ए. ला काय चालतें हें न विचारतां कुणब्याच्या मुलाला शाळा सुटल्यावर काय लागेल, येथून ती सुरू होते. त्या काळच्या शिक्षणविषयक कागदपत्रांत हा विचार इतक्या सरळपणें मांडलेला आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळला.

हंटर कमिशननेंही आपल्या परीनें एक तोड काढली होती. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात : एक विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगादि व्यावहारिक धंद्यांकडे नेणारी. या शिफारशीला अनुसरून मुंबईंत १८८९ च्या सुमारास स्कूल फायनल नांवाची परीक्षा सुरू झाली. कागदावर हें सर्व ठीक होतें. विषयांची विविधता होती, विद्यार्थ्याच्या कलाचाही विचार होता. तरीही मॅट्रिकपुढें ही परीक्षा कायम धाकटी बहीणच राहिली. सरकारी नोकरीच्या कांहीं जागांना ती चाले, तेवढ्यापुरते उमेदवार तिला मिळाले. परंतु कॉलेजचें दार तिनें उघडत नव्हतें. आणि बापाला मुलगा कॉलेजांत घालण्याची ऐपत असो वा नसो, तें दार निदान उघडें तरी असावें असें त्याला वाटे. त्यांत त्याची चूक काय? मॅट्रिक नापास झालेला मुलगासुद्धां 'मॅट्रिकपर्यंत शिकलेला' म्हणून कारकुनीला अर्ज करी. लग्नाच्या बाजारांतही त्या शब्दाला भाव होता. सुतारकामांत उत्तम गुण मिळविलेल्या मुलाला असा कोणता शब्द होता? हार्टोग समितीनें १९२९ सालीं तक्रार केली कीं, हायस्कुलांत येणारा प्रत्येक मुलगा विश्वविद्यालयासाठींच घडवावयाचा अशा कल्पनेनें सारें दुय्यम शिक्षण ग्रासलें आहे. तक्रार खरी होती. मात्र हा दोष पालकांच्या हट्टाचा म्हणून जें नेहमीं सांगितलें जातें तें आम्हांस पटत नाहीं. ज्या देशांत कारखाने थोडे आणि कचेऱ्या पुष्कळ, तेथें पालकानें कारखान्याचा अभ्यासक्रम नाकारला तर त्यानें हिशेब बरोबरच केला असें म्हटलें पाहिजे.

मुलींच्या विषयांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, व तिच्यांत आपलीं अनेक पूज्य दैवतें गुंतलेलीं आहेत. १८६२ च्या त्या चार पदवीधरांपैकीं तिघे, रानडे, भांडारकर व मोडक, यांनीं पुढाकार घेऊन १८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें. हुजूरपागा म्हणून तें आजही चालू आहे. मुलांना जे विषय तेच मुलींना, इंग्रजी व गणित यांसुद्धां, असा तेथील रोख होता. यावर १८८७ सालीं 'मराठा' पत्रांतून टिळकांनीं टीकेची झोड उठविली. मुलींना गृहकृत्याच्या आड येणारें शिक्षण नको, त्यांच्या पुढील आयुष्यास अनुरूप असे विषय हवेत, असा त्यांचा आग्रह. आगरकरांचें मत नेमकें उलट. मुलामुलींना एकच शिक्षण, तेंही शक्य तर एकत्र, असें त्यांनीं 'सुधारकां'त निर्भीडपणें लिहिलें. या वादांत एक गोष्ट आमच्या नजरेंत विशेष भरते. टिळक स्वतः गणिताचे गाढे विद्यार्थी. केरूनाना छत्र्यांचे आवडते शिष्य, १८७६ सालीं गणित घेऊन पहिल्या वर्गांत बी. ए. झालेले. ज्या विषयानें त्यांची बुद्धि धारदार झाली, तो विषय मुलीच्या हातीं देण्याविषयीं मात्र त्यांना शंका होती.

पुढें अण्णासाहेब कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. मातृभाषा हें माध्यम आणि गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांना अभ्यासक्रमांत मानाची जागा. कर्वेही गणिताचेच, फर्गसन कॉलेजांत १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनीं तोच विषय शिकविला. त्यांचा हेतु टिळकांहून अगदीं निराळा होता. ज्या विधवेला इंग्रजी माध्यमाचा व मॅट्रिकच्या काटेरी कुंपणाचा अडसर पडत होता तिला आंत घेण्यासाठीं त्यांनीं तें कुंपणच बाजूला सारलें. हा फरक विसरून दोघांना एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. तथापि वेगळ्या वाटेचा धोका हेतूवर अवलंबून नसतो. मुलींसाठीं सोय म्हणून केलेला विषय थोड्याच वर्षांत 'मुलींचा विषय' होतो, आणि मग शाळेच्या चालकांना मुलींसाठीं दुसरा विषय ठेवावयाचें कारणच उरत नाहीं.

कांहींजणींनीं हें कुंपण ओलांडलें, पण बहुधा घरच्या आधारानें. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचे वडील व चुलते दोघेही बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. त्यामुळें मुलीनें रसायन घ्यावें कीं नाहीं हा वादच घरांत नव्हता. १९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची बी. एस्‌सी. परीक्षा वरच्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन त्यांनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या; अटी घालून प्रवेश मिळाला; १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली व पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या चढल्या. मार्गदर्शनाच्या ग्रंथांत अशा चरित्रांना जिद्दीचा आदर्श म्हणून उल्लेखिण्याची पद्धत आहे. जिद्द तर होतीच. पण वडिलांच्या कपाटांत रसायनाचीं पुस्तकें होतीं, हेंही त्या आदर्शाच्या शेजारीं लिहिलें पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक गेली. १९४८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांत शालान्त परीक्षेचें स्वतंत्र मंडळ झालें आणि विश्वविद्यालयाचा शाळेवरील थेट ताबा सुटला. मुदलियार आयोगानें १९५२-५३ मध्यें सुचविलें कीं, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत मानव्य, शास्त्र, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहशास्त्र असे सात गट असावेत, एकाच बहूद्देशी शाळेंत ते शिकवावेत, आणि मुलाला त्यांतून योग्य गट निवडतां यावा म्हणून शिक्षित मार्गदर्शक असावेत. बॉस्टनमध्यें फ्रँक पार्सन्स यांनीं १९०८ सालीं व्यवसायमार्गदर्शनाची जी कचेरी उघडली होती, तिची ही आपल्याकडची पुढली पिढी. मुंबईंत पारशी पंचायतीनें १९४७ मध्येंच असें केंद्र काढलें होतें. मागोमाग सरकारचें निघालें, व १९५४ सालीं दिल्लीस मध्यवर्ती संस्था झाली. मानसशास्त्राच्या कसोट्या आल्या, तक्ते आले, पुस्तिका आल्या. आली नाहीं ती एक गोष्ट : सात गटांचे सात शिक्षक. बहुतेक गांवांत बहूद्देशी शाळेचा फलक लागला तरी आंत एकदोनच गट चालले. मार्गदर्शक सांगणार काय, कीं तुझा कल शेतीकडे आहे, पण आपल्या शाळेंत संस्कृत आहे?

दहा अधिक दोनची रचना महाराष्ट्रांत आली व १९७५ सालीं नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली. तिनें निवडीचें वर्ष पुढें ढकललें. दहावीपर्यंत सर्वांना जवळजवळ तेच विषय. खरा फांटा अकरावीच्या दारांत, कला-वाणिज्य-शास्त्र असा. हा बदल मोठ्या हिताचा झाला, असें आमचें प्रामाणिक मत आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षीं गणित सुटल्यामुळें ज्यांचे पुढचे रस्ते बंद झाले, विशेषतः अशा मुली, मागच्या पिढींत आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. पण फांट्यावर गुणांचा दरवान बसला. शास्त्राला जास्त गुण, वाणिज्याला मधले, कलेला उरलेले; ही उतरंड कोणत्याही कायद्यांत नाहीं आणि प्रत्येक घरांत पाठ आहे. दरवर्षीं निकालाच्या सुमारास पालक आम्हांस भेटावयास येतात. मुलाला काय आवडतें हें ते सांगत नाहींत. टक्के सांगतात, व एवढ्या टक्क्यांना काय येतें असें विचारतात. गुणपत्रिका म्हणजे पैसे, आणि विषय म्हणजे दुकानांतील माल. गंमत अशी कीं, नव्वदीच्या वर गेलेल्या मुलाला इतिहास घ्यावासा वाटला तर 'एवढे गुण वाया घालवतोस' असें त्यालाच ऐकून घ्यावें लागतें. दहावीला संस्कृत आजही घेतलें जातें. कां घेतलें असें विचारलें तर शंभरांतील नव्वद उत्तरें गुणांची असतात. १८६० च्या नंतर जें चक्र फिरूं लागलें त्याचा हा आंस अजून झिजलेला नाहीं.

२०१६ सालीं दहावीच्या विद्यार्थ्यांची राज्यभर कलचाचणी घेण्यास प्रारंभ झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तर कला आणि शास्त्र यांमधील भिंतच नको, विद्यार्थ्यानें हवे ते विषय एकत्र घ्यावेत, असें म्हटलें आहे. तत्त्वतः आम्हांस हें सर्व मान्य आहे. भौतिकीबरोबर तत्त्वज्ञान वाचणारा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला नको असेल? पण ज्यांना मुलांस सल्ला द्यावयाचा आहे त्यांनीं कलाचा कागद हातीं घेण्यापूर्वी दुसरी कांहीं माहिती गोळा करावी, अशी आमची सूचना आहे. जवळच्या विद्यालयांत तो विषय प्रत्यक्ष शिकविणारा कायम शिक्षक आहे काय? प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप तर नसतें? त्या विषयाचीं पुस्तकें मराठींत मिळतात काय? तो घेतल्यानें पुढें कोणतीं दारें बंद होतात, व चुकल्यास परत फिरतां येतें काय? आणि हा विषय 'आपल्या लोकांचा' नाहीं असें मुलाला आजवर कोणी सांगितलें आहे काय? शेवटला प्रश्न अवघड आहे, कारण त्याचें उत्तर मूल सहसा देत नाहीं.

दोनतीन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी तालुक्याच्या एका शाळेंतून चांगल्या गुणांनीं दहावी झाली. शास्त्राकडे तिचा कल आहे, याविषयीं तिच्या शिक्षकांनाही संशय नव्हता. गांवच्या विद्यालयांत शास्त्रशाखा नव्हती. ती होती जिल्ह्याच्या गांवीं, तीस किलोमीटरांवर. तेथला पहिला तास सकाळीं साडेसातला, आणि गांवाहून पहिली एस. टी. सातला निघे. वसतिगृहांत ठेवण्यास घरचे तयार नव्हते. जुलैच्या पहिल्या आठवड्यांत तिनें गांवींच कला शाखेंत नांव घातलें.